शून्याचे दिवस

सकाळी सात दहाची तासिका, तिसरा मजला.
खाली गांधीबागेतल्या कापडदुकानांची शटरं अजून उघडायची आहेत.
ऑक्टोबरचं ऊन मात्र हजेरीच्या आधी हजर.
बी.कॉम. पहिलं वर्ष, व्यावसायिक सांख्यिकी.
पटावर चौऱ्याऐंशी, समोर एकतीस.
नमुना वाईट नाही, पण यादृच्छिक म्हणवत नाही:
ज्यांची दुकानातली ड्युटी दहाला लागते
तेच आलेत.

मी फळ्यावर सिग्मा काढते.
मागून आवाज, "हा तं आडवा पडलेला एम आहे बाप्पा."
आहेच.
मीही तो तसाच लक्षात ठेवला होता, माझ्या वेळी.

गृहपाठ दिला होता: तीस निरीक्षणं आणा.
कशाचीही चालतील, फक्त खरी हवीत.
रुचिका हेडाऊनं व्हेरायटी चौकात उभं राहून
सिग्नलची सेकंदं मोजली. तीसही वेळा नव्वद.
"विचलन शून्य, मॅडम. लवकर झालं."
तन्मय लिल्हारेनं कळमन्यात मिरचीची पोती तोलली,
बाविसाव्या पोत्यापासून
शिंकांनी अक्षर बिघडत गेलेलं.
दोघांनी एकमेकांचं उतरवलं,
शेवटचा अंक तेवढा बदलून.

टिकेश पराते सगळ्यात शेवटी आला.
आई पाचपावलीत साड्यांना फॉल-पिको करते,
तिची सप्टेंबरची कमाई, रोजची.
तेवीस आकडे
आणि सात रिकाम्या चौकटी.

"तेविसानं भागलं. बरोब्बर तीनशे येते, मॅडम."
उत्तर पूर्णांकात आल्याचं सुख
त्याच्या तोंडावर मावत नव्हतं.

"या सात दिवशी काय झालं?"
"काही नाही. पितर होते न. नव्या साड्या कोण घेते?
मशीन बंदच होती."
"मग तिथं शून्य लिही."
"शून्याचे दिवस पण मोजाचे काय?"

पंख्याची एक पाती वाकडी आहे,
ती दर फेरीला खट् करते. तेवढंच ऐकू आलं.

"त्या दिवशी दूध घेतलंत ना?"
"घेतलं."
"मग तो दिवस होता."

त्यानं पुन्हा मांडलं.
सहा हजार नऊशे, भागिले तीस.
दोनशे तीस.
सत्तर रुपये, माझ्या देखत, माझ्याच सांगण्यावरून
एका बाईच्या रोजातून गेले,
आणि तिला पाचपावलीत अजून पत्ताही नव्हता.
त्यानं खोडरबर नाही मागितलं.
तीनशेवर एक रेघ ओढली, इतकी हलकी
की खालचा आकडा वाचता यावा.

मी दहापैकी नऊ दिले.
एक कापला, कारण उत्तरापुढे 'रुपये' लिहिलं नव्हतं.
असं कापायची मला सवय आहे.

अग्रसेन चौकात स्कूटी सिग्नलला थांबली
(नव्वद सेकंद, रुचिकाचा आकडा पक्का)
तेव्हा माझा हिशेब डोक्यात सुरू झाला.
मी तासिका तत्त्वावर आहे. जेवढे तास, तेवढे पैसे.
महिन्याला किती, असं कुणी विचारलं
की जो आकडा मी सांगते,
भावाला, बँकेतल्या बाईला, स्थळ घेऊन आलेल्या काकांना,
तो नवानं भागलेला आहे.
दिवाळी, परीक्षा, उन्हाळा,
नियुक्तीचं पत्र येईतोवरचे आठवडे,
या चौकटी मी आखल्याच नव्हत्या.
दूध तर तेव्हाही घेतलं होतं.

घरी येऊन कॅल्क्युलेटर काढलं.
बेरीज टाकली, भागाकार, मग एक, मग दोन.
बरोबरचं बटण राहू दिलं.
पडदा थोडा वेळ बारा दाखवत राहिला
आणि आपोआप विझला.

उद्या प्रमाण विचलन.
प्रत्येकातून सरासरी वजा करायची, मग वर्ग.
वर्ग केला की उणे चिन्हं जातात,
पोरांना तो भाग आवडतो.
वर्गात डस्टर नाही.
घरून फडकं न्यायला हवं, आठवणीनं.